त्या तिघांचं काय करायचं?

ताई,
मी बडोद्याची, दांडिया बाजारात राहते. वय ३९. लग्नानंतर सात वर्षं मूल नव्हतं, शेवटी आयव्हीएफ केलं. पहिल्या खेपेला राहिलं नाही. दुसऱ्या खेपेला राहिलं आणि २०२१ मध्ये मुलगी झाली. बीपी खूप वाढल्यामुळे सातव्याच महिन्यात सिझर करावं लागलं, महिनाभर लेक काचेच्या पेटीत होती. पुन्हा हा धोका नको असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय आणि आमचंही ते पक्कं आहे.

तेव्हाचे पाच दिवसांचे तीन एम्ब्रियो दवाखान्यात फ्रीझ करून ठेवलेत. दरवर्षी त्यांची फी भरते. या वर्षी फीच्या कागदासोबत फॉर्म आला: पुढे ठेवायचे, नष्ट होऊ द्यायचे, की संशोधनासाठी दान करायचे? मिस्टर म्हणतात, "देऊन टाकू, कुणाच्या तरी कामी येतील." सासूबाईंच्या कानावर गेलं तर त्या दोन दिवस धड जेवल्या नाहीत. म्हणाल्या, "ही भ्रूणहत्या आहे. तिघांतला एखादा मुलगाही असेल." त्यात माझ्या बाबांना सहा वर्षांपासून कंपवात (पार्किन्सन्स) आहे. जाऊबाईंनी एका दवाखान्याची जाहिरात पाठवली, स्टेम सेलची इंजेक्शनं, पाच लाख रुपये. मला वाटलं, आपल्याच एम्ब्रियोंपासून बाबांसाठी औषध करता आलं तर?

फॉर्म देवघराच्या खणात ठेवलाय, त्या तिघांच्या फोटोसोबत. दवाखान्याने तेव्हा काळा-पांढरा फोटो छापून दिला होता. संध्याकाळी दिवा लावताना मी एकीसाठी नाही, चौघांसाठी हात जोडते. हे मिस्टरांनाही माहीत नाही. मी पाप करायला निघालेय का? आणि काहीच ठरवलं नाही तर चालेल का?
एक आई

*

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दोन्ही वेळा "चौघांसाठी" या शब्दापाशी थांबले. तुमच्या बाकीच्या प्रश्नांना निदान अर्धं उत्तर माहितीचं आहे. या शब्दाला तसं उत्तर नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

मी बत्तीस वर्षं इथेच, बडोद्यात, प्राणिशास्त्र शिकवलं. दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला कोंबडीची उबवलेली अंडी असायची. बशीत कोमट मिठाचं पाणी घ्यायचं, अंड्याचं कवच बारीक कात्रीने गोल कापायचं आणि बलकावरची पातळ चकती गाळणकागदाच्या कड्यावर अलगद उचलायची. अठ्ठेचाळीस तास उबवलेल्या अंड्यात मोहरीएवढा लाल ठिपका दिसतो आणि तो धडधडत असतो. दरवर्षी त्या क्षणी वर्ग गप्प व्हायचा. एका वर्षी एका मुलीने चिमटा खाली ठेवला आणि हळूच म्हणाली, "मॅडम, मी पुढे नाही करणार." तिचं चुकलंय असं मला वाटलं नाही आणि बाकीच्या मुलांचं चुकलंय असंही वाटलं नाही. पण त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी प्रत्येक तुकडीला अंडं फोडण्याआधी सांगत आले, तुम्हाला काय दिसणार आहे, आणि ज्याला नको असेल त्याने खुशाल बाजूला बसावं.

तुमचे हात चौघांसाठी जोडले जातात यात वेडेपणा काहीच नाही. शिन्या यामानाका हे जपानचे शास्त्रज्ञ. त्यांना २०१२ चं नोबेल मिळालं. एका मित्राच्या वंध्यत्वाच्या दवाखान्यात त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली असाच एक भ्रूण पाहिला आणि त्यांना स्वतःच्या मुली आठवल्या. यात आणि माझ्या लेकींत फरक तो किती, दुसरी वाट शोधायला हवी, असं तेव्हा मनात आलं, हे त्यांनीच सांगितलंय. पुढे २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या कातडीच्या पेशींत चार जनुकं घालून त्यांनी त्या पेशी मागे वळवल्या, भ्रूणातल्या मूलपेशींसारख्या, म्हणजे स्टेम सेलसारख्या केल्या. तुम्हाला त्या फोटोकडे पाहून जे होतं, तेच वाटलं म्हणून एका माणसाने अख्खं शास्त्र वळवलं. तेव्हा ते वाटणं मनातून पुसून टाकायच्या मागे लागू नका. मात्र त्या वाटण्यालाच निकाल समजू नका.

आता त्या फोटोत काय आहे ते सांगते. पाच दिवसांचा भ्रूण म्हणजे शंभर-दीडशे पेशींचा, आतून पाणी भरलेला पोकळ गोळा. आकार मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाएवढा, सुईच्या टोकावर मावेल इतका. बाहेरच्या पेशींची पुढे वार होते. आत एका बाजूला चिकटलेला पेशींचा छोटा पुंजका असतो, बाळ व्हायचं तर ते त्या पुंजक्यातून होतं. संशोधक मूलपेशी काढतात त्याही तिथूनच, कारण त्या पेशींचं अजून काहीच ठरलेलं नसतं. त्या मेंदूच्या होऊ शकतात, हृदयाच्या होऊ शकतात, कातडीच्याही. पुंजका काढला की भ्रूण संपतो. सगळा वाद एवढ्या एका वाक्यातून उठला आहे, म्हणून ते तुमच्यापासून लपवत नाही.

त्या गोळ्याला हृदय नाही, रक्त नाही, एकही चेतापेशी नाही. माझ्या प्रॅक्टिकलमधल्या अठ्ठेचाळीस तासांच्या पिल्लाच्या तो कितीतरी मागे आहे. त्याला दुखत नाही. आणखी एक गोष्ट आहे, ती मला स्वतःला फार महत्त्वाची वाटते. चौदाव्या दिवसाच्या सुमारास भ्रूणावर एक बारीक रेघ उमटते, पुढचा पाठीचा कणा त्या रेघेच्या दिशेने घडतो. ती रेघ उमटेपर्यंत एकाचे दोन होऊ शकतात, एकसारखी जुळी होतात ती अशीच. म्हणजे इथे "कोणीतरी एक" आहे हेसुद्धा निसर्गाने अजून नक्की केलेलं नसतं. ब्रिटनमध्ये मेरी वॉर्नॉक या तत्त्वज्ञ बाईंच्या समितीने १९८४ मध्ये चौदा दिवसांची मर्यादा सुचवली ती याच जागी, आणि १९९० मध्ये तिथे तसा कायदा झाला. मूलपेशींसाठीच्या आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतही चौदा दिवसांपुढे, किंवा ती रेघ दिसल्यावर, प्रयोगशाळेत भ्रूण वाढवायला बंदी आहे. तुमचे तिघं पाचव्या दिवशीच थांबलेले आहेत, उणे १९६ अंश तापमानाच्या नायट्रोजनमध्ये.

आता सासूबाई. त्या मनचं काही सांगत नाहीत, शास्त्रांनी भ्रूणहत्येला महापातकच म्हटलंय. पण तीच शास्त्रं गर्भ कशाला म्हणतात तेही पाहा. चरकसंहितेच्या शारीरस्थानात व्याख्या आहे: शुक्र, शोणित आणि जीव यांचा संयोग "कुक्षिगत" झाला म्हणजे त्याला गर्भ म्हणायचं. कुक्षिगत म्हणजे कुशीत आलेला. गर्भोपनिषदात तर जीवाचा संयोग सातव्या महिन्यात सांगितलाय. आणि मनुस्मृतीत गर्भस्रावाचं सुतक कसं आहे? जितक्या महिन्यांचा गर्भ, आईला तितक्या रात्रींचं. म्हणजे आपल्या जुन्या लोकांनीही "पहिल्या क्षणापासून सगळं सारखंच" असं धरलेलं नव्हतं. गर्भ जसजसा वाढतो तसतसं त्याचं आपल्याशी नातं दाट होतं, हे त्यांनी रात्री मोजून मांडलं. त्या ऋषींना काचेच्या बशीतला भ्रूण ठाऊक होता असं मात्र मी म्हणणार नाही, आणि कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. त्यांच्यापुढे तुमचा प्रश्न नव्हताच. शास्त्रात आधार नाही असं कुणी ठणकावून सांगितलं तर तुम्ही गप्प बसू नये, एवढ्यासाठी हे लिहिलं.

तरीही सासूबाईंशी वचनांची लढाई करू नका. त्यांच्या वाक्याचे दोन तुकडे आहेत. "भ्रूणहत्या" हा शब्द आपल्या पिढीच्या कानात भिंतीवरच्या पोस्टरांतून बसलाय, बेटी बचाओच्या. ती हत्या कुठली? मुलगी आहे एवढ्याच कारणाने पोटातला वाढता गर्भ काढून टाकणं. १९९४ चा कायदा त्यासाठी आला. तुमचा फॉर्म त्यातला नाही. पण वाक्याचा दुसरा तुकडा, "एखादा मुलगाही असेल", तो मात्र त्याच जुन्या दुखण्यातला आहे आणि तो ऐकून मला वाईट वाटलं. कारण त्या घरात चार वर्षांची एक लेक हिंडतेय आणि तिला सगळं ऐकू येतं. भ्रूण मुलाचा की मुलीचा हे तपासणं, विचारणं, सांगणं, सगळंच कायद्याने बंद आहे, हे मिस्टरांनी त्यांच्या आईला सांगावं. तुम्ही नव्हे, मुलाने सांगावं. आणि हे एकदाच, शांतपणे, लेक झोपल्यावर.

त्या दोन दिवस जेवल्या नाहीत यात राग असेल तसं दुःखही असेल. सात वर्षं त्याही वाट पाहत होत्या, कुठे कुठे नवस बोलल्या असतील. तुम्ही खणातला फोटो त्यांना कधी दाखवलाय का? दाखवून बघा. सूनबाई रोज त्या तिघांच्याही नावाने हात जोडते हे कळल्यावर त्यांच्या तोंडून तो शब्द पुन्हा निघेल असं मला वाटत नाही.

आता खऱ्या वादाकडे येते, कारण पाप की नाही हे तुम्ही मला विचारलंय आणि उत्तर न देता निसटणं मला जमणार नाही. जे लोक याच्या विरोधात आहेत त्यांचं सर्वांत वजनदार म्हणणं असं: जे उद्या माणूस होऊ शकलं असतं त्याला दुसऱ्याच्या उपयोगाचं साधन करू नये. कॅथलिक चर्च हेच मानतं, आणि ते आपल्या म्हणण्याशी प्रामाणिक आहे, कारण ते आयव्हीएफलाच मान्यता देत नाही. आपण मात्र ती वाट स्वीकारली. एका बाळासाठी पाच-सात भ्रूण करायचे, त्यातले काही उरणार, हे पहिल्याच दिवशी ठरल्यासारखं होतं. तुमचा प्रश्न आज उभा राहिलेला नाही, स्त्रीबीजं काढली त्या सकाळीच उभा राहिला होता. तेव्हा कुणी तुमच्याशी त्यावर अर्धा तास बसून बोललं असतं तर आज खणातल्या कागदाचं एवढं ओझं झालं नसतं.

उलट बाजूचे लोक म्हणतात, नाहीतरी ते नष्टच होणार, मग वापरले तर बिघडलं काय? मिस्टरांचं म्हणणं थोडंफार असंच आहे. हा युक्तिवाद मला एकट्याने पुरेसा वाटत नाही. जो मरणारच आहे त्याच्याशी काहीही करावं असं आपण कुठल्याच माणसाच्या बाबतीत म्हणत नाही. मला पटतं ते वेगळ्या कारणाने. तिथे अजून सोसणारं कुणी नाही, "एक" असं कुणी नाही, आणि ज्या कुशीत तो वाढला असता ती कूस आता त्याला मिळणार नाही हे तुम्ही तुमच्या जिवाच्या काळजीने, लेकीच्या काळजीने ठरवलेलं आहे. या तीन गोष्टी एकत्र असतील तर पाच दिवसांचा भ्रूण संशोधनाला देणं मी पाप मानत नाही. माझ्यावर वेळ आली असती तर मी दिला असता. नष्ट होऊ देणंही मी पाप मानत नाही. निसर्गात कितीतरी भ्रूण गर्भाशयात रुजण्याआधीच निघून जातात, आईला कळतही नाही.

पण देण्याला माझी अट आहे, आणि ती नीट ऐका.

फॉर्मवर "दान" लिहिलंय. हा शब्द आपल्याकडे फार जड आहे. रक्तदान, नेत्रदान, देहदान म्हटलं की समोर पुण्य उभं राहतं आणि नाही म्हणणारा आपोआप कंजूष ठरतो. कन्यादान या शब्दावर आपण बायका किती वर्षं भांडलो, कारण देणाऱ्याचं पुण्य मोजताना जिला द्यायचं तिला कुणी विचारलं नव्हतं. म्हणून मी तुम्हाला सांगते, तो शब्द थोडा वेळ बाजूला काढा आणि दवाखान्याला साधं विचारा: कोणाला देणार? कशासाठी? मूलपेशींची वंशावळ (प्रयोगशाळेत एकातून दुसरी अशा वाढत राहणाऱ्या पेशी) तयार करायला, आयव्हीएफची पद्धत सुधारायला, की नवीन लोकांचा हात बसवायला? तिन्हीला संशोधन किंवा शिक्षण म्हणता येईल, पण एकाला होकार देणारी बाई दुसऱ्याला नकार देऊ शकते. कुठल्या समितीने परवानगी दिली? भ्रूण वापरण्याआधी आमचा विचार बदलला तर कागद परत मिळेल का? आमची नावं पुढे जातील का? माझ्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि संशोधन करणारे लोक वेगवेगळे आहेत ना? हा शेवटचा प्रश्न मुद्दाम विचारा. ज्यांच्यामुळे आपली लेक आली त्यांना नाही म्हणताना कुणाचीही जीभ अडखळते.

या प्रश्नांना सरळ, लेखी उत्तरं मिळाली तर विचार करा. उत्तराऐवजी "अहो, सगळे सही करतात" असं ऐकू आलं तर देऊ नका.

हे मी संशयी स्वभावामुळे लिहीत नाही. २००१ साली अमेरिकेच्या अध्यक्षांनी सरकारी पैसा फक्त आधीच तयार असलेल्या मूलपेशींपुरता मर्यादित केला, तेव्हा जगभरातल्या तयार पेशींच्या यादीत मुंबई आणि बंगळुरू इथल्या प्रयोगशाळाही होत्या. आपली मूलपेशींसाठीची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आली २००७ मध्ये. पेशी आधी, नियम मागून. दक्षिण कोरियात ह्वांग वू-सुक यांनी क्लोन केलेल्या भ्रूणांतून मूलपेशी काढल्याचा दावा केला, जगाने डोक्यावर घेतलं, आणि २००६ च्या सुरुवातीला ते शोधनिबंध खोटे म्हणून मागे घ्यावे लागले. त्यात स्त्रीबीजं दिलेल्यांमध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या कनिष्ठ मुली होत्या. शेजारच्या आणंदचं नाव सरोगसीमुळे जगभर गेलं, ते कुणाच्या गरजेवर आणि कुणाच्या शरीरावर, हे आपण बडोद्याच्या लोकांनी जवळून पाहिलंय. या शास्त्रात भ्रूणाबद्दल जेवढं बोललं जातं त्याच्या निम्मंसुद्धा बाईच्या शरीराबद्दल बोललं जात नाही. इंजेक्शनं तिच्या पोटावर, सूज तिला, भूल तिला. तुमच्या बाबतीत तो भाग होऊन गेलाय, या तिघांसाठी आता तुम्हाला एक सुईही टोचून घ्यायची नाही, म्हणूनच उरलेले भ्रूण आणि संशोधनासाठी मुद्दाम तयार केलेले भ्रूण यांत मी फरक करते. आपली मार्गदर्शक तत्त्वंही करतात.

कायदा थोडक्यात. २०२१ चा सहाय्यक प्रजनन कायदा जानेवारी २०२२ पासून लागू आहे. भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षं ठेवता येतात. मुदत संपली की नष्ट होऊ द्यायचे, किंवा तुमच्या संमतीने नोंदणीकृत संशोधन संस्थेला द्यायचे. विक्रीला बंदी आहे, संशोधनासाठी परदेशी पाठवायलाही बंदी आहे. कुणी पैसे देऊ केले, फी माफ करू म्हणाले, तर तिथून उठा.

म्हणजे "काहीच ठरवलं नाही तर चालेल का" याचं उत्तर: काही वर्षं चालेल, कायमचं नाही. आणि या वर्षी ठेवायचं ठरवलंत तर ते मन तयार नाही म्हणून ठेवा, सासूबाईंना उत्तर द्यायला नको म्हणून नव्हे. फी भरताना तुम्हाला हायसं वाटतं की पोटात गोळा येतो, ते पाहा. त्यावरून तुमचं तुम्हालाच कळेल.

आता बाबा. हे लिहायला मला सर्वांत जड जातंय.

तुमच्या एम्ब्रियोंपासून तुमच्या बाबांसाठी औषध होणार नाही. भ्रूण दिला की त्याचं औषध होऊन घरी येतं असं हे कामच नाही. १९९८ मध्ये जेम्स थॉमसन यांनी विस्कॉन्सिन विद्यापीठात माणसाच्या भ्रूणातून पहिल्यांदा मूलपेशी वेगळ्या केल्या. तुमच्यासारख्याच जोडप्यांनी दिलेले भ्रूण होते ते. चौदा भ्रूणांतून पुंजके काढले, त्यांतून पाच वंशावळी टिकल्या. त्यांतल्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढताहेत. त्या जोडप्यांची नावं कुणाला माहीत नाहीत, आणि त्यांच्यापैकी कुणाच्या आजारी वडिलांना त्यातून काही मिळालं नाही. २०२५ मध्ये, म्हणजे सत्तावीस वर्षांनी, कंपवाताच्या बारा रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. भ्रूणाच्या मूलपेशींपासून केलेल्या, कंपवातात कमी पडणारं डोपामिन हे रसायन तयार करणाऱ्या चेतापेशी त्यांच्या मेंदूत शस्त्रक्रियेने सोडल्या होत्या. पेशी जगल्या, मोठा अपाय झाला नाही. सुरक्षित आहे का हे पाहण्यासाठीची ती पहिली पायरी होती, गुण किती येतो हे ठरायला मोठ्या चाचण्या लागतात. त्याच सुमाराला जपानमधल्या क्योटोत यामानाकांच्या पद्धतीने केलेल्या पेशी सात रुग्णांना दिल्याचा निबंधही आला. म्हणजे वाट दोन्हीकडून खणली जातेय. भ्रूण न वापरणारी वाट निघाली, तर भ्रूणावरचं काम लगेच थांबवा, असं काही जण म्हणतात. पण कुठली जनुकं घालायची हे यामानाकांना कळलं ते भ्रूणाच्या मूलपेशींवर आधी झालेल्या कामामुळेच, आणि नवीन पेशी अस्सल उतरल्या का हे पाहायला तुलना त्यांच्याशीच करावी लागते. दोन्ही वाटांची अजून गरज आहे.

जाऊबाईंनी पाठवलेल्या जाहिरातीतलं इंजेक्शन यातलं काहीच नाही. आपल्या देशात रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी मूलपेशींचं प्रत्यारोपण हा मान्य उपचार आहे. कंपवातासाठी नाही. मंजूर चाचणीच्या बाहेर पैसे घेऊन मूलपेशी टोचणं राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत अनैतिक म्हटलेलं आहे, आणि खऱ्या चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत. ते पाच लाख बँकेतच राहू द्या. जाऊबाईंवर रागावू नका, त्यांनी मायेने पाठवलं. बाबांना पुढच्या वेळी मेंदूविकारतज्ज्ञांकडे नेताना एक वही करा: गोळी किती वाजता घेतली, हात किती वाजता सुटा झाला, पुन्हा कधी जखडला. आठवडाभर लिहा. गोळीची वेळ अर्ध्या तासाने सरकवली तरी पुष्कळांना फरक पडतो. व्यायाम चालू ठेवा, सकाळी कमाटीबागेत हाताला धरून दोन फेऱ्या. बाबांसाठी आज होण्यासारखं हे आहे.

आणि फॉर्म आणि बाबांचं आजारपण एकमेकांपासून सोडवा. "बाबांसाठी" म्हणून भ्रूण देऊ नका. बाबा उद्या जास्त आजारी झाले तर दिलेलं फुकट गेलं असं वाटेल, आणि तेव्हा तुम्हाला दोघांचंही दुःख एकदम होईल. द्यायचं तर ज्या कुणाचा चेहराही कधी दिसणार नाही अशा माणसासाठी द्यायचं, तेही वीस-पंचवीस वर्षांनी. ते मनाला पेललं तर द्या. नाही पेललं तर नष्ट होऊ द्या, आणि कमी पुण्याचं काहीतरी केलं असं मनात आणू नका.

या रविवारी लेकीला आजीकडे ठेवा. तुम्ही दोघं सूरसागरला जा, तळ्याकाठी बसा, फॉर्म बरोबर न्या. पहिल्यांदा मिस्टरांना ते सांगा, दिवा लावताना तुम्ही किती जणांसाठी हात जोडता ते. त्यांना "कामी येतील" असं चटकन म्हणता आलं, कारण तुमच्या खणात काय आहे ते त्यांना माहीत नाही. कदाचित त्यांच्याही मनात काही असेल, पुरुष बोलत नाहीत. सही दोघांची लागते, तेव्हा ठरेल ते दोघांच्या तोंडचं असू दे. त्या दिवशी काही ठरलं नाही तर या वर्षीची फी भरा आणि पुढच्या वर्षी कुठल्या महिन्यात पुन्हा बसायचं ते कॅलेंडरवर लिहून ठेवा.

नष्ट होऊ द्यायचं ठरलं किंवा द्यायचं ठरलं, तर दवाखान्याला एक विनंती करा: कुठल्या दिवशी ते टाकीतून काढणार ते आम्हाला आधी कळवा. फॉर्ममध्ये तशी जागा नसेल, खाली हाताने लिहा. त्या संध्याकाळी दिवा लावताना सासूबाईंनाही शेजारी बोलवा. फोटो ठेवायचा की नाही, ते तुम्हाला त्यानंतर केव्हातरी ठरवता येईल. त्याला मुदत नाही.